सकाळी काय खाल्लंस?

माझ्या वहिनीला रीतभात नाही, हे ओमानमधल्या आमच्या बिदिया गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गालिया तिचं नाव. डांबरी रस्ता जिथे संपतो आणि वाळू सुरू होते तिथे माझं टायरचं दुकान, आणि दुकानासमोर गाफाच्या झाडाखाली तिचं घर. वाळूत जाणारा माणूस चाकं रुतू नयेत म्हणून माझ्या दारात टायरमधली हवा कमी करतो, परत आला की भरून घेतो. एवढ्या वेळात तो गालियाच्या तावडीत सापडला नाही असं कधी झालेलं नाही.

आता आमच्याकडे माणूस भेटला की बोलायचं कसं, हे बापजाद्यांपासून ठरलेलं आहे. आधी सलाम. मग तब्येत, मुलंबाळं, उंट, बकऱ्या. मग एकानं विचारायचं, "काय खबर?" दुसऱ्यानं म्हणायचं, "खबर काही नाही, सगळं खैर. तुमची खबर?" मागे घराला आग लागलेली असली तरी आधी हेच म्हणायचं. मग खजूर, मग कॉफी, आणि कप हलवून 'पुरे' म्हटलं की मग काय ते खरं बोलणं. पाहुण्याला त्याआधी प्रश्न विचारणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावण्यासारखंच.

आणि आमची गालिया? सलाम पुरता घेतलेला नसतो, तोवर हिचं सुरू.

"सकाळी काय खाल्लंस?"

समोरचा गोंधळतो. ओळख ना पाळख, बाई न्याहारीची चौकशी करतेय! तो काहीतरी पुटपुटतो. मग पुढचं. "पाणी किती आहे? दाखव. एवढंच? गुळण्या करायला नेतोयस का? खजूर? मीठ घातलेलं ताक? डोक्याला बांधायला काही आहे, की तसंच बोडकं शिजवणार? आणि गाडी रुतली तर काय करशील?"

"चालत येईन, मावशी."

"मग कफन पण घेऊन जा बरोबर. गाडी सोडायची नाही, कळलं? गाडीच्या सावलीत बसायचं. गाडी लांबून दिसते, तुझं हे मुंडकं दिसत नाही."

एकदा मस्कतहून एक मोठे साहेब आले होते, पांढराशुभ्र अंगरखा, अत्तराचा घमघमाट. त्यांनाही हिनं तेच विचारलं. साहेब लाल झाले. म्हणाले, "बाई, मी तुझ्याकडे खायला मागितलं का?" ही म्हणते, "नाही मागितलंस. पण काय खाल्लंस ते आठवतंय की नाही, एवढं सांग." मी कॉम्प्रेसर मोठा केला, म्हणजे पुढचं ऐकू येऊ नये. दुकान माझं आहे ना, गिऱ्हाईक माझं तुटतं!

बरं, तिला कुणी 'काय खबर' विचारावं, तर तिथेही तीच तऱ्हा. "गुडघा धरलाय. बकरी आटलीय. तुझ्या त्या यंत्राच्या आवाजानं डोकं उठलंय. आणखी काय ऐकायचंय?" 'सगळं खैर' हे शब्द गेल्या कित्येक वर्षांत तिच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. मशिदीत लोक माझी चेष्टा करायचे. "मुबारक, तुझ्या भावजयीला खबर विचारली रे, अजून कान दुखतायत."

मी हसायचो. पण असं ती का करते, ते मला ठाऊक होतं. त्या दिवशी मी तिथे होतो.

मुसल्लम, माझा मोठा भाऊ, हिचा नवरा. खजूर उतरवायचा मोसम होता. आम्ही सगळे वाळूतून उठून बागेत, झावळ्यांच्या खोपीत राहायला आलो होतो. मुसल्लमची एक उंटीण मागे राहिली होती, ती आणायला तो पहाटेच गेला. पिकअप वाळूत पोटापर्यंत बसली. आणि हा शहाणा भर दुपारी चालत निघाला.

तो खोपीत आला तेव्हा बाबा होते, मी होतो, शेजारचे दोघेतिघे होते. त्यानं सलाम केला. आमच्या रीतीनं सगळ्यांच्या नाकाला नाक लावलं, वयाप्रमाणे, एकालाही न चुकवता. "कसा आहेस?" "अल्हम्दुलिल्लाह." "काय खबर?" "खबर काही नाही, सगळं खैर. तुमची खबर?" झावळ्यांच्या भिंतीपलीकडे गालिया कॉफी कुटत होती. नवऱ्याचा आवाज तिच्या कानावर आला, खणखणीत, रोजच्यासारखा. तिचं कुटणं चालूच राहिलं. कॉफी आली. त्यानं कप हातात धरला, पण तोंडाला लावला नाही. बाबांनी विचारलं, "पिकअप कुठाय रे?" तो म्हणाला, "अल्हम्दुलिल्लाह." बाबा म्हणाले, "अरे, पिकअप!" तो म्हणाला, "सगळं खैर." आम्हाला वाटलं, थट्टा करतोय. आम्ही हसलो. मग त्याच्या हातातून कप पडला.

अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाआधी तो गेला. डॉक्टर म्हणाला, उष्मा केव्हाच मेंदूत शिरला होता, आपण कुठे आहोत हे त्याला ठाऊकच नव्हतं. मी म्हटलं, अहो, तो बोलत होता! डॉक्टर म्हणाला, तो बोलत नव्हता, नुसती जीभ चालत होती. लहानपणापासून हजारदा म्हटलेलं, ते आपोआप येत होतं.

गालिया रडली नाही. एवढंच म्हणाली, "सकाळी मी त्याला शेवया करून दिल्या होत्या. कुणीतरी विचारायला हवं होतं, काय खाल्लंस म्हणून. त्याला सांगता आलं नसतं. मग कळलं असतं."

तेव्हापासून हे असं. मूलबाळ नव्हतं. डांबराच्या टोकाला घर हट्टानं मागून घेतलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला धरायला लागली. आम्हा घरच्यांना तर तिनं घोकूनच घेतलं होतं, उष्मा चढलेल्या माणसाला बर्फ कुठे लावायचा, पाणी केव्हा पाजायचं नाही. लहान पोराकडून पाढे म्हणवून घ्यावेत तसं आमच्याकडून म्हणवून घ्यायची. आम्ही कंटाळून म्हणायचो.

तर यंदाच्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारची वेळ, वाळू नुसती पांढरी दिसत होती, बघवत नव्हतं. दुकानात समुद्राकडचा जुमआन बसलेला. मासळीवाला. बर्फाच्या पेट्या लादून किनाऱ्याहून येतो, गावोगाव मासळी विकतो. त्याचं चाक फुटलं होतं. गाडी जॅकवर, चाक माझ्या हातात, आणि त्याची कटकट चाललेली. "हात चालव रे बाबा, बर्फ वितळतोय. उद्या माझी सुरमई कोण खाणार, तू?"

तेवढ्यात मोठी चकचकीत गाडी आली. नवरा-बायको, मस्कतचे. नवीनच लग्न झालेलं दिसत होतं. तो हैथम, ती वफा. हवा कमी करून घेतली. गालिया आलीच. अंगात तिचा तो फुलाफुलांचा झगा, चेहऱ्यावर आमच्या बायका घालतात तो कडक काळा मुखवटा, कपाळापासून नाकाखालपर्यंत. मधून नुसते दोन डोळे. इतक्या वर्षांत मी, तिचा सख्खा दीर, तिचा चेहरा पाहिलेला नाही. मग परक्याचं नावच नको.

"सकाळी काय खाल्लंत?"

हैथम हसला. "मावशी, आम्ही लांब जात नाही. पहिल्या टेकडीवरून फोटो काढतो आणि येतो."

"आत्ता नाही. अस्र होऊ दे. ऊन उतरू दे, मग खुशाल जा."

"गाडीत एसी आहे, मावशी."

"एसी गाडीत आहे, गाडी कुठे असणार? वाळूत. ती बंद पडली की?"

"फोन आहे."

"पहिली टेकडी ओलांडलीस की फोन मुका होतो. विचार ह्याला."

मी मान डोलावली. वफा हळूच म्हणाली, "जाऊ ना नंतर. काय घाई आहे?" पण नवा नवरा, बायकोदेखत म्हातारीचं कसं ऐकणार! गेला धुरळा उडवत.

मी चाकाला लागलो. जुमआन मासळीचं रडगाणं गात होता. गालिया काही आत गेली नाही. कपाळावर हात धरून वाळूकडे बघत उभी राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "आले नाहीत."

"येतील गं. फोटो काढत असतील."

"तुझा भाऊही येणार होता."

तिनं घरातून पाण्याचे डबे काढले आणि आपल्या जुनाट पिकअपमध्ये टाकायला लागली. त्या पिकअपचा एसी केव्हाचा मेलेला. मी ओरडलो, "वहिनी, थांब. एवढं चाक बसवतो. माझी गाडी ह्याच्या गाडीमागे अडकलीय, हा हलला की मी जातो."

"तोवर त्या पोरीचं काय होईल?"

"अगं, दम तर धर!"

दम धरेल ती गालिया कसली. गेली. मी नट आवळत होतो, आणि हात घामानं घसरत होते. एकदा नट पडला, वाळूत शोधावा लागला, तेव्हा मी जुमआनला नाही नाही ते बोललो. तो बिचारा मुकाट्यानं शोधत होता. चाक बसलं, त्याची गाडी बाजूला झाली, मी माझी पिकअप सुरू केली. तेवढ्यात जुमआन ओरडला, "आली! आली!"

टेकडीवरून धुरळा उतरत होता. पुढे ती चकचकीत गाडी, मागे गालियाची. माझा जीव भांड्यात पडला. मी इंजिन बंद केलं आणि पहिली शिवी मनात हैथमसाठी काढून ठेवली.

पण तो उतरला तोच रडकुंडीला आलेला. "काका, मेलोच होतो! गाडी पोटापर्यंत बसली. फोन लागेना. मी चालत निघणार होतो, हिनं हाताला धरून ठेवलं. मला उलट्या व्हायला लागल्या. तेवढ्यात मावशी आल्या. त्यांनी आम्हाला सावलीत बसवलं, सगळं पाणी आमच्या डोक्यावर ओतलं, आम्हाला पाजलं. मला फावड्याला हात लावू दिला नाही. एकटीनं चाकं उकरली, काका, एकटीनं!"

"आणि ती काय प्यायली?" मी विचारलं.

त्यानं बायकोकडे पाहिलं. वफा म्हणाली, "त्या म्हणाल्या, मी वाळूतली आहे, मला नको."

मागून गालियाची पिकअप आली, जरा वाकडीच आली, माझ्या तेलाच्या पिंपाला घासून थांबली. ती उतरली. पाठ ताठ, चाल सावकाश. आमच्यासमोर येऊन उभी राहिली.

"अस्सलामु अलेकुम."

आम्ही सगळ्यांनी सलाम घेतला.

"कसा आहेस, मुबारक? मुलंबाळं बरी आहेत? जुमआन, घरचे सगळे बरे?"

जुमआन चाटच पडला. मी गमतीनं म्हटलं, "आम्ही बरे आहोत. तुझी काय खबर?"

"खबर काही नाही," गालिया म्हणाली. "सगळं खैर. तुमची खबर?"

"या अल्लाह!" जुमआननं मांडीवर थाप मारली. "गालियाला रीत आली! लिहून ठेवा रे, आज पाऊस पडणार!" हैथमही रडता रडता हसला. आवाजही कसा छान होता तिचा, खणखणीत.

मी हातातला पाना खाली टाकला आणि तिच्याजवळ गेलो.

"वहिनी, गुडघा कसा आहे?"

"अल्हम्दुलिल्लाह."

"बकरी?"

"सगळं खैर."

"वहिनी, सकाळी काय खाल्लंस?"

मुखवट्यामागचे डोळे माझ्याकडे वळले, पण मला बघत नव्हते. माझ्या मागे कुणीतरी उभं असावं तसे बघत होते. "खबर काही नाही," ती म्हणाली. आणि तिचे गुडघे वाकले.

जुमआन अजून हसत होता. मी त्याच्यावर असा ओरडलो की माझाच घसा फाटला. "हसतोस काय, मेल्या! ती गेली, तीही गेली! पाणी आण!"

दुकानात पंक्चर बघायची टाकी आहे, त्यात हात घातला तर चटका बसला. नळाचं पाणी तर आमच्याकडे दुपारी चहा करण्यालायक असतं. मी वेड्यासारखा त्या टाकीभोवती फिरत होतो. जुमआन म्हणाला, "बर्फ!" आणि धावला. त्यानं पेटी उघडली, आणि आतल्या सुरमया, ज्यांच्यासाठी तासभर माझं डोकं खाल्लं होतं, त्या दोन्ही हातांनी रस्त्यावर फेकायला सुरुवात केली.

आम्ही तिला दुकानाच्या सावलीत निजवलं. आता मुखवटा काढायचा कुणी? झगा सैल करायचा कुणी? आम्ही तिघे पुरुष. मी गाडीवर टाकायची चादर ओढली, एक टोक जुमआनच्या हातात दिलं, एक मी धरलं, आणि दोघे पाठ करून उभे राहिलो. हैथमला म्हटलं, "ॲम्ब्युलन्सला फोन लाव, इथे लागतो." आणि वफाला म्हटलं, "पोरी, आत जा. मुखवटा काढ तिचा."

ती घुटमळली. "काका, त्या रागावतील."

"रागावू दे! रागावली तर आपण जिंकलो! काढ!"

चादरीमागून तिचा आवाज आला. "काका, अंग नुसतं तव्यासारखं तापलंय. चेहरा लालबुंद झालाय."

"बर्फ बगलेत लाव. मानेला लाव. जांघेत लाव, लाजू नकोस. झगा भिजव बर्फाच्या पाण्यानं, आणि वारा घाल. पुठ्ठा आहे बघ तिथे." मी बोलत होतो आणि मलाच कळत होतं की हे माझे शब्द नाहीत, हे तिचेच आहेत, तिनंच घोकून घेतलेले.

"पाणी पाजू का?"

"थेंब नाही! शुद्धीवर येईपर्यंत थेंब नाही, छातीत जाईल."

आणि मग ते सुरू झालं. चादरीमागे गालिया बोलायला लागली. "अलेकुम सलाम. अल्हम्दुलिल्लाह. मुलंबाळं बरी आहेत? उंट बरे आहेत?" मध्ये थांबायची, जणू समोरचा उत्तर देतोय. मग पुन्हा, "खबर काही नाही, सगळं खैर." शेवटपर्यंत आली की परत सलामापासून सुरुवात. कुणाशी बोलत होती, कुणाला नाक लावत होती, कुणास ठाऊक. मला ठाऊक होतं. मी दात आवळून मनात म्हणत होतो, मुसल्लम, तुझ्या पाया पडतो, तिला उत्तर देऊ नकोस. तू गप्प बस. जुमआनच्या ओठांवर दुआ चालू होती.

मग बोलणं थांबलं.

"काका!" वफा किंचाळली. "काका, त्या बोलत नाहीत!"

"श्वास?"

"आहे. आहे."

"कुशीवर वळव. बर्फ घाल. थांबू नकोस, बर्फ घाल!" हैथम पेटीतून बर्फ आणत होता, चादरीखालून आत सरकवत होता, त्याचे हात मासळीच्या खवल्यांनी भरले होते. तो लहान मुलासारखा रडत होता, आणि त्याच्यासाठी काढून ठेवलेली शिवी मी केव्हाच विसरलो होतो. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. पुठ्ठ्याचा फडफड आवाज, वफाच्या धापांचा आवाज, आणि रस्त्यावर ऊन खात पडलेल्या त्या सुरमया, एवढंच आठवतं.

मग चादरीमागून कुणीतरी खोकलं. आणि एक बसका आवाज आला, अजिबात खणखणीत नाही.

"हा घाण वास कसला येतोय मेला?"

जुमआन मटकन खाली बसला. चादर पडता पडता मी सावरली.

"सुरमईचा, मावशी," वफा हुंदका देत म्हणाली.

"मला काय विकायला काढलंय? आणि माझा मुखवटा कुठाय? कोण बघतंय?"

"कुणी नाही, वहिनी," मी म्हटलं. "आमच्या पाठी आहेत तुझ्याकडे. गप पडून राहा. गाडी येतेय दवाखान्याची."

"मुबारक, तू आहेस होय? मग दुकान कोण बघतंय?"

मला हसू यायला हवं होतं. पण माझी भीती गेली नव्हती. मुसल्लमही चांगला बोलत होता. मला पक्कं कळायला हवं होतं, आणि ते कसं कळतं हे तिनंच शिकवलं होतं.

"वहिनी," मी म्हटलं, "सकाळी काय खाल्लंस?"

चादरीमागे पुठ्ठाही थांबला.

"काही नाही," गालिया म्हणाली.

"काही नाही म्हणजे? नीट आठव."

"आठवतंय मला, वेड नाही लागलेलं. काही नाही खाल्लं. रोजच नाही खात. एकटीसाठी सकाळची चूल कोण पेटवतंय?"

उत्तर बरोबर होतं. ती परत आली होती. आणि मी तिथे चादर धरून उभा होतो, समोर माझं दुकान, रस्त्यापलीकडे तिचं घर, मध्ये धड वीस पावलंही नाहीत. माझ्या घरी रोज सकाळी भाकरी होते, शेवया होतात, उरलेल्या शेळीला घालतो. इतकी वर्षं ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारत होती, मस्कतच्या साहेबापासून ह्या मासळीवाल्यापर्यंत. तिला कुणी विचारलं नव्हतं. आज पहिल्यांदा मी विचारलं, तेही ती मरायला टेकली म्हणून. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि चादर धरलेली असल्यामुळे पुसताही येईना.

"काय रे, गप्प का झालास?" मागून आवाज आला. "काय खबर?"

"खबर काही नाही, वहिनी," मी म्हटलं. "सगळं खैर."